चोरबाजारातून नाताळ: धड वस्तू तिथेच ठेवा, तुटकी उचला

शुक्रवारी जाऊ नका. जायचंच असेल तर पहाटे जा. मी गेल्या डिसेंबरात शुक्रवारी सकाळी साडेअकराला मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटच्या तोंडाशी उभा होतो आणि समोर एकजात शटरं खाली. वसईहून गाडीत उभ्याने आलो, ग्रँट रोडला उतरलो, मौलाना शौकत अली रोडने दो टाकीपर्यंत तंगडतोड केली, आणि तिथे चहावाला हसून म्हणाला, "चाचा, आज जुम्मा है." जुन्या वस्तूंची पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी भरतो तो रस्त्यावरचा जुम्मा बाजार, तोही अंधार असतानाच. ऊन चढेस्तोवर बराचसा आवरलेला. अडतीस वर्षं वायरमनचं काम केलं, भेंडी बाजारातल्या कितीतरी जिन्यांखालची मीटरं या हातांनी जोडली, तरी हे विसरलो. निवृत्तीचा गंज दुसरं काय.

तर हा अभिप्राय चोरबाजाराबद्दल आहे, पण एका कामापुरता: नाताळची सजावट करायला तिथून काय आणावं आणि काय आणू नये. फर्निचर, सिनेमाची जुनी पोस्टरं, ग्रामोफोन यातलं मला कळत नाही. मला काच, पितळ, तांबं आणि वायर एवढंच कळतं.

हे खूळ कुठून आलं तेही सांगतो. आमच्याकडे नाताळला घरोघरी गोठा करतात, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी पहिला गोठा मांडला. २०२३ला त्याला आठशे वर्षं झाली. त्याने म्हणे खरा बैल, खरं गाढव आणि खरं गवत आणलं होतं. आणि आमच्या घरी? सहा वर्षांपूर्वी आणलेलं प्लास्टिकचं झाड, ज्याच्या सुया दरवर्षी झाडूने भराव्या लागतात. प्लास्टिकचे सोनेरी गोळे, ज्यांचा मुलामा हाताला लागतो. आणि थर्माकोलचा गोठा, तोही तयार. माझी बायको गेल्या वर्षी म्हणाली, "अहो, जन्मभर लोकांच्या घरी दिवे लावलेत. आपल्या घरी एकदा तरी स्वतःच्या हाताने काही करा." एवढं पुरे होतं.

झाडाचा प्रश्न घरच्या घरी सुटला. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा किनाऱ्याकडची झाडं आडवी झाली होती. आमच्या वाडीच्या बांधावरचं सुरूचं झाडही बावखलात, म्हणजे आमच्या तळ्यात, पडलं. त्याच्या फांद्या मी सुकवून माळ्यावर टाकल्या होत्या, कशाला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. पाच फांद्या एका जुन्या पितळी हंड्यात वाळू भरून रोवल्या, झालं झाड. पानं नाहीत, नुसता सांगाडा. पण त्यावर काही टांगलं की ते दिसतं, हिरव्या प्लास्टिकमध्ये हरवत नाही. आता टांगायचं काय, त्यासाठी चोरबाजार.

दुसऱ्या खेपेला मंगळवारी गेलो. आणि गेल्या गेल्या फसलो. हेही आधीच सांगून टाकतो, कारण याच कारणासाठी मी हे लिहायला बसलो.

एका दुकानात काचेच्या कपाटात कापसावर ठेवलेले तीन गोळे होते. लाल, निळा, चंदेरी. दुकानदार म्हणाला, "ब्रिटिश टाइम का माल है, अंकल. भायखळे की एक मेमसाब के घर से आया." आता, जुने काचेचे गोळे म्हणजे काय चीज असते याची मला थोडी माहिती आहे, आणि नेमकी तीच मला नडली. हे गोळे मूळचे जर्मनीतल्या लाउशा गावचे. तिथले कारागीर फुंकून गोळा करायचे आणि आतून चांदीचं द्रावण फिरवायचे, त्यामुळे चमक आतून येते, बाहेरून नाही. पुढे १९३९ साली अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने ज्या मशिनवर विजेच्या बल्बच्या काचा निघत त्याच मशिनवर हे गोळे काढले. म्हणजे नाताळचा गोळा आणि शंभर वॉटचा बल्ब ही सख्खी भावंडं! वायरमन माणसाने हे वाचल्यावर त्याचं काय होणार? मी त्या तीन गोळ्यांकडे बघत राहिलो. दुकानात उजेड पिवळा आणि मंद. सहाशे रुपये मोजले.

घरी आल्यावर बायकोने एक गोळा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "याला शिवण कसली?" मधोमध बारीक रेघ होती, साच्याच्या दोन वाट्या जुळतात तशी. फुंकलेल्या काचेला रेघ कुठून येणार? मग मी वरची टोपी काढली. पितळेची वाटणारी टोपी प्लास्टिकची, आणि आतल्या कडेला इवल्या अक्षरांत 'मेड इन चायना'. नखाने खरवडलं तर निळा रंग निघून आला. काच नव्हतीच. ती मेमसाब मात्र मला अजून दिसते, भायखळ्याच्या व्हरांड्यात, हातात प्लास्टिकचे गोळे घेऊन.

चूक माझीच. गोळा हातात घेऊन दाराशी उजेडात जायला हवं होतं. काच की प्लास्टिक हे ओळखायला दोन सेकंद लागतात. गालाला लावा, काच गार लागते. दाताला हळूच टेकवा, काच टिक करते, प्लास्टिक टक. आणि खरा जुना गोळा हातात घेतला तर भीती वाटावी इतका हलका असतो. टोपी काढून मान बघा. जुन्याची मान वेडीवाकडी कापलेली असते, आत दमट हवेने चांदी जागोजागी काळवंडलेली असते. मुंबईच्या हवेत सत्तर वर्षं काढलेला गोळा आरशासारखा लखलखीत असेल तर तो सत्तर वर्षांचा नाही.

त्या दुकानाला शून्य. पण बाजाराला शून्य नाही, कारण त्याच गल्लीत चार दुकानं पुढे मला लोलक मिळाले.

एक म्हातारे दुकानदार पायरीवर बसले होते, मागे छताला दहाएक झुंबरं, काही पूर्ण, काही नुसते पितळी हात. पायाशी एक गंजका पत्र्याचा डबा. डब्यात लोलक. कुठल्या कुठल्या मोडलेल्या झुंबरांचे, टांगायच्या काचेच्या हंड्यांचे, भिंतीवरच्या दिव्यांचे सुटे लोलक, मातीने आणि कोळिष्टकांनी बरबटलेले. मी आत शिरलो ते झुंबर बघायला. किंमत ऐकून बाहेर आलो. मग डब्याकडे बोट केलं. ते म्हणाले, "ये तो कचरा है. जोड़ी नहीं मिलेगी." मी म्हटलं, मला जोडी नकोच आहे.

त्या एका वाक्याने सौदा फिरला. ज्याला झुंबर दुरुस्त करायचं असतं त्याला एकसारखे बारा लोलक लागतात, आणि तसे बारा जमले की त्याचा भाव चढतो. सुट्याला गिऱ्हाईक नाही. मला झाडावर टांगायचे होते, त्यामुळे एकही दुसऱ्यासारखा नसला तरी उलट बरं. पाऊण तास मी त्या पायरीवर उकिडवा बसून डबा उपसला. म्हातारबाबांनी मधेच चहा मागवला. प्लास्टिकचे लोलक त्यांनीच वेगळे काढून दिले, "ये मत लो, नया है" म्हणत. लांबट तीन धारांचे, बदामी, पिंपळपानासारखे, आठ कोनांचे चपटे मणी, आणि एक भाल्याच्या पात्यासारखा वीतभर लांब. एकूण ४३ नग, ९५० रुपये. क्रॉफर्ड मार्केटात तेवढ्या पैशांत प्लास्टिकच्या गोळ्यांची पिशवी भरून मिळाली असती. पण पिशवीच मिळाली असती.

लोलकांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या सगळ्या खरेदीत पैकीच्या पैकी गुण फक्त त्यांनाच.

घरी आणले तेव्हा ते काचेचे तुकडे आहेत की खडीसाखरेचे, सांगता येत नव्हतं. मी उतावळेपणाने बादलीत कढत पाणी घेतलं आणि एक मूठ सोडली. टक्, टक्. दोन तडकले. जाड काच एकदम तापली की बाहेरचा थर फुगतो, आतला गारच असतो, आणि मग काच कोणाचं ऐकत नाही. हे मला ठाऊक असायला हवं होतं; गरम बल्बवर पावसाचा थेंब पडला की काय होतं ते आयुष्यभर बघितलंय. मग उरलेले ४१ कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून रात्रभर ठेवले. सकाळी जुन्या टूथब्रशने घासले. भोकांपाशी पांढरा चिवट थर होता, तो व्हिनेगर लावल्यावर सुटला. मूळच्या तारा हिरव्या पडून कुजल्या होत्या, त्या चिमट्याने ओढल्या की चुरा व्हायच्या. सगळ्या काढून टाकल्या.

नवीन तार विकत घेतली नाही. माळ्यावर एक जळका सिलिंग फॅन होता, त्याचं वाइंडिंग उसवलं. वाइंडिंगची तार म्हणजे तांब्यावर लाखेसारखा तपकिरी थर. ती लवचीक असते, मोडत नाही, आणि दिव्याच्या उजेडात जुन्या सोन्यासारखी दिसते. एक जळका पंखा एवढी तार देतो की दहा वर्षं नाताळ करा. प्रत्येक लोलकाला वेगळ्या लांबीचा आकडा केला, म्हणजे फांदीवर सगळे एका पातळीत येत नाहीत.

मग उजेडाचा प्रश्न. माझ्या मते निम्मे लोक इथेच चुकतात. लोलक स्वतः चमकत नाही, तो मिळालेला उजेड फोडतो. उजेड जितका एका बिंदूतून येईल तितके रंग सुटे होतात. मी तीन प्रकारे करून पाहिलं. दुधी एलईडी बल्ब: लोलक मेलेले, जणू साबणाचे तुकडे. झाडाला गुंडाळलेली बारीक एलईडीची माळ: बरं, लुकलुकतं, पण भिंतीवर काही पडत नाही. मग पाच फुटांवरून पारदर्शक काचेचा जुना साधा बल्ब लावला, आतली तार दिसते तो. खोलीतले बाकीचे दिवे मालवले. भिंतीवर, छतावर, बायकोच्या पांढऱ्या केसांत तांबडे, हिरवे, जांभळे तुकडे. पंखा एकवर ठेवला तर ते सगळे हळूहळू फिरायला लागले. नातू चार वर्षांचा. तो भिंतीवरचे तुकडे पकडायला धावला आणि कपाटावर आपटला. लहान मुलं असतील तर पंखा बंदच ठेवा.

बल्बचा विषय निघालाच आहे तर. नाताळच्या झाडावर विजेचे दिवे लावणारा पहिला माणूस एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन. १८८२ साली न्यूयॉर्कच्या घरात त्याने झाडाला ८० दिवे लावले, लाल, पांढरे आणि निळे. माझ्याकडे गेलेल्या बल्बांची अख्खी गोणी होती. गेलेला बल्ब मी कधी टाकला नाही, बायको याला रोग म्हणते. आपल्याकडच्या पिनवाल्या बल्बचा एक फायदा असा की त्याच्या पितळी टोपीला दोन बाजूंना दोन पिना असतात. तार एका पिनेभोवती गुंडाळा, वरून कमान करून दुसऱ्या पिनेला न्या, टांगायची कडी तयार. गोंद नको, भोक नको. आट्यांच्या बल्बला हे सुख नाही. मुलीच्या सुकत आलेल्या नेलपॉलिशच्या बाटल्यांत दोन थेंब थिनर टाकून बल्ब रंगवले. लाल उत्तम बसतो, चंदेरी ओघळतो. कॉर्निंगच्या मशिनचं ऐकल्यापासून मला यात काही कमीपणा वाटत नाही. सहाशे रुपयांच्या 'ब्रिटिश' गोळ्यांपेक्षा हे गोळे नाताळच्या गोळ्याचे जास्त जवळचे नातेवाईक आहेत. फक्त सीएफएल आणि ट्यूबलाइट यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्या आत पारा असतो, फुटला की घरभर.

पारा निघाला म्हणून आणखी एक. चोरबाजारात कुठे जुनी चंदेरी झिरमिळी मिळाली, जड आणि मऊ, बोटाने वळेल अशी, तर ती शिशाची असू शकते. पूर्वी ती शिशाचीच करत, कारण जड असल्याने फांदीवरून सरळ खाली लोंबते. अमेरिकेत ती १९७०च्या दशकात बाजारातून गेली. घरात पोरं तोंडात काहीही घालतात. मला अशी एक गुंडाळी दाखवली होती, मी हातही लावला नाही. तसंच दिव्यांच्या जुन्या माळा. कापडी वेष्टणाची वायर दिसायला फार देखणी, पण आतलं रबर वाळून खडखडीत झालेलं असतं. वाकवलं की तडकतं आणि तांबं उघडं पडतं. शोभेला बरणीत ठेवा, प्लगमध्ये नको. मी नवीन एलईडीच्या तीन माळा लोहार चाळीतून घेतल्या, नव्वदला एक. जुन्याची आवड आणि जुनी वायर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाकी खरेदी झपाट्याने सांगतो. कापड गिरणीतल्या लाकडी बॉबिन, म्हणजे सूत गुंडाळायची रिळं, डझनाला तीनशे. टोकाला पितळी टोपी, अंगावर तेलाचे जुने डाग. गिरण्या गेल्या, आता त्या शोभेच्या झाल्या. माझे मामा लोअर परळला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, त्यामुळे त्या विकत घेताना हात थोडा अडखळला, पण घेतल्या. बायकोने त्यांच्यावर जरीचे काठ गुंडाळले. ते काठ तिच्या लग्नातल्या साडीचे, जी दोन वर्षांपूर्वी बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घ्यायचं ठरलं होतं. बोहारीण साडी चाचपून म्हणाली, "काठ फाटलाय, बाई, डबा लहान मिळेल." बायकोला राग आला आणि साडी वाचली. जुन्या किल्ल्या अर्धा किलो दीडशे रुपये. लोंबकळवल्या की वाऱ्यावर किणकिणतात, पण गंज हाताला लागतो आणि पांढऱ्या भिंतीवर रेघा उमटतात. किल्ल्यांना पाचपैकी दोन. परत घेणार नाही.

कंदील अडीचशेचा. दुकानदार म्हणाला जर्मन आहे, तळाशी बघितलं तर मुंबईचाच ठसा. पण यावेळी मी शहाणा झालो होतो. जर्मन म्हणून पाचशे सांगत होता, ठसा दाखवल्यावर दोघेही हसलो आणि अडीचशेवर आलो. काच नव्हती. काच असलेला कंदील सातशेचा, मग मी बिनकाचेचा का घेणार नाही? घरी लोणच्याच्या बरण्यांची रांग आहे, त्यातली चौथी बरोबर बसली, तोंड खाली आणि बूड वर करून. आत पेन्सिल सेलवर चालणारी छोटी माळ सोडली. लोणच्याचा वास काही जात नाही. गोठ्याजवळ कैरीच्या लोणच्याचा वास येणारं पंचक्रोशीतलं आमचं एकमेव घर असावं.

आता गोठा. छपराला आमच्या जुन्या घराची कौलं वापरली. घर पाडलं तेव्हा वडिलांनी पंचवीसेक कौलं गोठ्यामागे रचून ठेवली होती, खऱ्या गोठ्यामागे, म्हशींच्या. मंगळुरी कौलं म्हणतात ती. बासल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला आणि तिथून ती सगळ्या किनाऱ्यावर पसरली. दोन कौलं एकमेकांना टेकवली की गोठ्याचं छप्पर झालं, नैऋत्येचा पाऊस खाल्लेलं, शेवाळ्याच्या डागांसकट. खाली परातभर नाचणी पेरली होती दहा दिवस आधी, ती वीतभर वर आली. थर्माकोलचा गोठा नातवाने केव्हाच मोडला होता, त्याबद्दल त्याला कोणी रागावलं नाही.

पुतळे मात्र नव्हते. म्हणजे मारिया, योसेफ आणि बाळ येशू होते, सासूबाईंच्या वेळचे, प्लास्टर ऑफ पॅरिसचे, बाळाच्या बोटांचा रंग उडालेला. मेंढपाळ आणि राजे कधीच फुटून गेले होते. तिसऱ्या खेपेला चोरबाजारात त्याच लोलकवाल्या म्हातारबाबांना विचारलं. त्यांनी आतून एक बुटाचा खोका काढला. वर्तमानपत्राच्या बोळ्यांत दोन राजे, एक उंट, आणि तीन पायांची एक मेंढी. जड, बहुधा मातीचे, रंग हाताने दिलेला. एका राजाच्या झग्यावर इवल्या सोनेरी चांदण्या, केसाच्या कुंचल्याने काढलेल्या. मी विचारलं, तिसरा राजा? ते म्हणाले, "तीसरा आया ही नहीं. दो ही आए थे." साडेतीनशेला खोका घेतला. तिन्ही राजे असते तर हजाराच्या खाली सुटले नसते, हे त्यांनीच कबूल केलं.

मेंढीचं सोपं होतं, नाचणीत पाय लपतो. पण राजे दोन कसे चालतील? सहा जानेवारीला तीन राजांचा सण, पोरांनाही मोजता येतं. बायको म्हणाली, मातीचा करू. मी म्हटलं, तारेचा करू. वाद चालू असताना नातू आतून दिवाळीच्या किल्ल्यातला मावळा घेऊन आला. शेजारच्या मुलांबरोबर त्यानेही किल्ला केला होता, त्यातला उरलेला एक, भाला आणि ढाल घेतलेला, कमरेला लाल शेला. गोठ्यात ठेवून बघितला. उंचीला दोन बोटं कमी. उंटाच्या पलीकडे ठेवला तर तेही कळेना. बायकोने जरीचा मुकुट केला आणि ढालीवर एक आठकोनी लोलक चिकटवला, म्हणजे ती ढाल न राहता सोन्याची थाळी झाली. भाला मी काढायला निघालो होतो, नातवाने काढू दिला नाही.

चोविसाला मध्यरात्रीच्या मिस्साआधी कॅरलवाली पोरं घरी आली. पिवळा बल्ब लावला, छतावर रंग पडले, एकाने गिटार थांबवून वर बघितलं. मग सगळे गोठ्यापाशी वाकले. एकजण म्हणाला, "काका, हा तिसरा कोण?" नातू म्हणाला, "राजा आहे. रायगडावरून आलाय." वर्षानुवर्षं घरोघरचे गोठे बघितलेल्या आमच्या फादरांनी दुसऱ्या दिवशी तो मावळा बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, भाला कशाला ठेवलाय. मी नातवाकडे बोट दाखवलं. त्यांनी केक खाल्ला.

जाणाऱ्यांसाठी थोडं. मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकरानंतर. त्याआधी दुकानं अर्धवट उघडलेली असतात. सुटे पैसे न्या. जुनं वर्तमानपत्र आणि पुठ्ठ्याचा खोका बरोबर ठेवा, काच गुंडाळून द्यायला तिथे कोणाला वेळ नसतो. बोललेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरुवात करा, पण चहा पिऊन मग पाडून मागू नका, ते वाईट दिसतं. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. एका दुकानात माझ्यावर ओरडले, आणि बरोबरच होतं, सगळे फोटो काढून जातात आणि घेत कोणी नाही. गुडघे दुखत असतील तर छोटं स्टूल न्या, खालच्या डब्यांतच माल असतो, हे मी चेष्टेने म्हणत नाही. परतताना मिनारा मशिदीकडे वळून सुलेमान उस्मान मिठाईवाल्याचं अफलातून घ्या, ही मिठाई. नाताळच्या ताटात शेवटी आमच्याकडे तेच आधी संपलं. आणि बाजूला भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवर जुन्या चाळी पाडून टॉवर उठतायत. त्या पाडलेल्या घरांतली किती हंड्या-झुंबरं या गल्लीत आली असतील कोण जाणे.

खर्चाचा हिशोब बायकोने कॅलेंडरवर मांडला: लोलक ९५०, बॉबिन ३००, किल्ल्या १५०, कंदील २५०, राजे ३५०, माळा २७०, आणि त्याखाली लाल पेनने 'मेमसाब ६००'. एकूण २८७०. गाडीभाडं धरलेलं नाही.

गुण: सुटे लोलक पाचपैकी पाच. बिनजोडीचे पुतळे साडेचार. फुटका कंदील चार, वासाचा अर्धा कापून साडेतीन. किल्ल्या दोन. कापसावर, काचेच्या कपाटात ठेवलेलं काहीही, शून्य.

मार्चमध्ये म्हातारबाबांचा फोन आला. नंबर मीच देऊन आलो होतो. म्हणाले, "चाचा, तीसरा राजा मिल गया. आठसौ लगेगा, आपके लिए सातसौ." मी स्पीकर चालू ठेवून बायकोकडे बघितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना विचारा, लोलक आणखी आहेत का."